पत्त्यांचा डाव आणि ग्रंथाचा मान

पत्त्यांविषयी मराठी मध्यमवर्गाच्या मनात दोन परस्परविरोधी चित्रे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. एक उन्हाळ्याच्या सुट्टीचे : माजघरात सतरंजी अंथरलेली, आते-मामेभावंडांचा मेंढीकोट रंगलेला आणि स्वयंपाकघरातील कामे आटोपून आजीही झब्बूला बसलेली. दुसरे चित्र गावाबाहेरच्या आडोशाचे : तेथे तीन पत्ती चालते, पैशांची उलाढाल होते आणि कोणाच्या तरी घरची चूल त्यापायी विझते. पहिल्या चित्रात पत्ते हा पोरखेळ आहे, दुसऱ्यात ते व्यसन आहे. पत्त्यांचा डाव ही कोणी विचारपूर्वक रचलेली कृती असू शकते, तिला कर्ता असतो, तिलाही काही म्हणावयाचे असते, ही कल्पना मात्र आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. ती रुजावी असे मला वाटते. त्यासाठी स्वतःच्या एका फसलेल्या, निदान पैशाच्या हिशेबात फसलेल्या उद्योगाची हकिगत वाचकांपुढे मांडण्याचे मी धाडस करीत आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. गेल्या तीन वर्षांत काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मी कांद्याच्या बाजारावर पत्त्यांचा एक खेळ रचला आणि स्वखर्चाने त्याच्या ५०० पेट्या छापून घेतल्या. त्यांतील सुमारे पावणेदोनशे पेट्या आजही आमच्या घरी धान्याच्या कोठीशेजारी रचून ठेवलेल्या आहेत. सौभाग्यवतींनी त्यांवर जुनी चादर घातली आहे. ती चादर माझ्या अर्थशास्त्रज्ञतेवरील भाष्य आहे असे मी मानतो.

फळ्यावरचे जाळे

या उद्योगाची सुरुवात वर्गातील एका अपयशातून झाली. कांद्याला यंदा भाव मिळाला की पुढच्या हंगामात सारेच कांदा लावतात. आवक वाढते, भाव कोसळतो. भाव कोसळला की लागवड घटते आणि त्यापुढे भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रात या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. हे नाव निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये दिले आणि १९३८ साली मॉर्डेकाय इझिकिएल यांनी त्याची सविस्तर मांडणी केली. मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषांभोवती फिरणारे ते जाळे मी दरवर्षी फळ्यावर काढतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बिनचूक काढतात आणि पूर्ण गुण मिळवतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे ते भाव चढलेल्या वर्षी घरी जाऊन सांगतात की, यंदा कांदाच लावा. शिकवणे आणि शिकणे यांतील अंतर याहून स्पष्ट कोठे दिसेल?

व्याख्यानात चूक नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते. तो कोणी एक शेतकरी चुकतो आणि आपण त्याची आकृती काढतो. खेळात चूक आपल्या हातून घडते. हा विचार माझा स्वतःचा नव्हे. १९०४ साली अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंना ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ नावाच्या पटावरील खेळाचे पेटंट मिळाले. जमिनीची मालकी मोजक्या हातांत एकवटली की बाकीच्यांचे दारिद्र्य कसे अटळ होते, हे हेन्री जॉर्ज यांचे प्रतिपादन सामान्य माणसाला घरबसल्या अनुभवता यावे, हा त्यांचा हेतू होता. त्याच वर्षी पार्कर ब्रदर्स कंपनीने ‘पिट’ हा पत्त्यांचा खेळ बाजारात आणला. शिकागोच्या धान्यबाजारातील आरडाओरडा त्यात जसाच्या तसा उतरला होता; खेळाडू एकाच वेळी ओरडून पत्त्यांची अदलाबदल करीत. म्हणजे बाजारपेठेला पटावर आणि पत्त्यांत आणण्याचा प्रयत्न सव्वाशे वर्षांचा होत आला आहे. आपल्याकडे घरोघर खेळला गेलेला ‘व्यापार’ही मॅगीबाईंच्याच वंशातला, फक्त त्यातील मूळचा उपदेश वाटेत कोठे तरी गळून पडला आणि भाडेवसुलीचा आनंद तेवढा उरला.

सत्य आणि रंजकता

आमच्या खेळाच्या पहिल्या आराखड्यात एक खेळाडू व्यापारी आणि बाकीचे शेतकरी होते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर पत्ते लिहून आम्ही सात-आठ डाव खेळलो. प्रत्येक डाव व्यापाऱ्याने जिंकला. मुले हसत होती, मलाही आपण वास्तव नेमके पकडले याचे समाधान वाटत होते. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने हातातील पत्ते खाली ठेवले. त्याच्या घरी दोन एकर कांदा असतो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, हे तर मी घरी बघतोच की. मग इथं येऊन परत कशाला हरायचं?’’

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि पुढे कित्येक आठवडे सापडले नाही. वास्तवाशी प्रामाणिक राहावे तर खेळ खेळण्याजोगा राहत नाही. सर्वांना जिंकण्याची समान संधी द्यावी तर बाजाराविषयी खोटे सांगितल्यासारखे होते. मॅगीबाईंपुढेही ही अडचण आली असावी. त्यांनी पुढे आपल्या पटासाठी नियमांचे दोन संच दिले : एकात एकजण सर्वांना नागवून जिंकतो, दुसऱ्यात उत्पन्नाचा लाभ सर्वांना मिळतो. पट तोच, नियम बदलले की समाज बदलतो.

आम्ही वेगळी वाट धरली. व्यापाऱ्याला खेळाडूंतून काढले आणि सर्वांनाच शेतकरी केले. प्रत्येक हंगामात प्रत्येकाने आपली लागवड पत्ता पालथा ठेवून गुप्तपणे ठरवायची. मग सर्वांनी एकदम पत्ते उलटायचे. एकूण आवक जितकी जास्त तितका भाव कमी, असे कोष्टक मध्यभागी असते. खरिपाचा पोळ कांदा टिकत नाही, तो लगेच विकावाच लागतो. रब्बीचा उन्हाळ कांदा चाळीत साठवता येतो, पण चाळ बांधण्यासाठी आधीच्या हंगामातील पैसा राखून ठेवावा लागतो. पत्ते ठेवण्यापूर्वी खेळाडूंनी आपसांत बोलावे, ‘मी यंदा कमी लावतो, तूही कमी लाव’ असे वचन द्यावे, याला मुभा आहे. मात्र वचन पाळण्याचे बंधन नाही.

तोच विद्यार्थी नव्या डावाला बसला. त्याने पहिल्या हंगामात कमी लागवडीचे वचन दिले आणि मोडले. इतरांनीही मोडले होते. भाव तळाला गेला. कोणीच हसले नाही. तो म्हणाला, ‘‘म्हणजे आमच्या गावात सगळे असंच करतात.’’ त्यानंतर तासभर चाललेली चर्चा माझ्या अठरा वर्षांच्या अध्यापनातील सर्वोत्तम तासिका होती आणि तिच्यात मी जवळजवळ काहीच बोललो नाही.

एक प्रश्न उरला होता तो निर्यातबंदीच्या पत्त्याचा. २०१९, २०२० आणि २०२३ या वर्षांत केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मग १०८ पत्त्यांच्या गठ्ठ्यात असे पत्ते किती घालावेत? विद्यार्थ्यांपैकी काहींना सहा हवे होते, काहींना एकही नको होता. सहा घातले तर लागवडीचा निर्णय निरर्थक होतो, सारेच दैवाधीन बनते. एकही न घातला तर सरकार नावाची वस्तू जगात नाही असे ठरते. अखेर आम्ही दोन घातले. कोणता पत्ता गठ्ठ्यात किती वेळा यावा, हा खेळकर्त्याचा युक्तिवाद असतो. लेखक तो परिच्छेदात मांडतो, खेळकर्ता संख्येत मांडतो, एवढाच फरक.

मौनाची परीक्षा

पहिलाच खेळ रचणाऱ्याची खरी कसोटी पुढेच असते. आपला खेळ आपल्या देखरेखीखाली सर्वांना समजतो, कारण नियमपत्रिकेतील प्रत्येक उणीव आपण तोंडाने भरून काढीत असतो. पेटीबरोबर आपण कोणाच्या घरी जाणार नाही, हे ध्यानात घेऊन पेटी आणि नियमपत्रिका अनोळखी मंडळींच्या हाती द्यावी, कोपऱ्यात बसावे आणि काही झाले तरी बोलू नये. मास्तरकीच्या व्यवसायातील माणसाला याहून कठीण शिक्षा नाही.

माझ्या नियमपत्रिकेत एक वाक्य होते : ‘प्रत्येक हातानंतर एक पत्ता उचलावा.’ बँकेतील चार कारकून मित्र ते वाचून खेळू लागले आणि पाच मिनिटांत भांडू लागले. मराठीत ‘हात’ म्हणजे खेळाडूच्या हातातील पत्ते. आणि ‘हात’ म्हणजे सर्वांनी एकेक पत्ता टाकून पुरी झालेली फेरीही. ‘माझे सात हात झाले’ असे आपण म्हणतोच. इतकी वर्षे खेळूनही ही द्व्यर्थता मला जाणवली नव्हती, कारण आपण पत्त्यांचे खेळ ऐकून आणि पाहून शिकतो, वाचून नाही. पिसणे, वाटणे, उतारी, हुकूम, कापणे असा सुंदर शब्दसंग्रह आपल्या भाषेत तयार आहे. पण नियम लिहिण्याचे गद्य त्यामानाने फार थोडे घडले आहे. ते घडवायचे तर पाककृतीइतके नेमके आणि पाककृतीइतकेच साधे लिहावे लागते. माझी नियमपत्रिका अकरा पानांची होती. दहा वेळा लिहिल्यावर ती चार पानांची झाली.

हिशेबाची बाजू

आता पैशाचे पाहू. सावंतवाडीचे गंजिफाकार आजही दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा. एकूण १२० गोल पत्ते. या कारागिराला शंभरावा संच करण्यास पहिल्याइतकेच श्रम पडतात. परंतु त्याला एकच संच करून एकच विकताही येतो. छपाईचा न्याय नेमका उलटा आहे. चित्रे, मांडणी, नमुने, छपाईच्या पट्ट्या हा खर्च एक पेटी काढा की हजार काढा, सारखाच येतो.

माझे आकडे गोल करून मांडतो. हा स्थिर खर्च ६०,००० रुपये आणि प्रत्येक पेटीचा कागद, छपाई, कापणी व खोका मिळून १८० रुपये. शंभर पेट्या काढल्या तर एक पेटी ७८० रुपयांना पडते; पाचशे काढल्या तर ३०० रुपयांना; हजार काढल्या तर २४० रुपयांना. म्हणून प्रत्येक मुद्रक सांगतो, ‘‘हजारच काढा, स्वस्त पडतील.’’ ते खरे आहे. फक्त स्वस्त पडलेल्या हजार पेट्या घ्यायच्या कोणी, हे मुद्रकाने सांगायचे नसते.

मी पाचशे काढल्या आणि किंमत ४५० रुपये ठेवली. दुकानदार शेकडा चाळीस वाटा मागतो. त्याचे १८० रुपये वजा जाता माझ्या हाती २७० येतात, म्हणजे दुकानातून विकलेल्या प्रत्येक पेटीमागे मला ३० रुपयांचा तोटा. स्वतः विकल्यास १५० रुपयांचा लाभ; पण मग ग्रंथप्रदर्शनातील टेबल, टपाल आणि रविवार माझे. सर्व पेट्या हातोहात विकल्या गेल्या असत्या तरी दीड लाखाचा खर्च निघण्यास ३३४ पेट्या खपणे आवश्यक होते. दीड वर्षात सव्वातीनशेच्या आसपास खपल्या आणि त्यांतील निम्म्या दुकानांतून. खर्च निघाला नाही, यात नवल ते काय? दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला समतुटीचा बिंदू शिकवणाऱ्या माणसाने हे गणित छपाईनंतर मांडले, यात मात्र नवल आहे.

तोट्यात माझ्या एका चुकीची भर पडली. १०८ पत्ते ५४-५४ असे दोन मोठ्या कागदांवर छापले गेले, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. दुसऱ्या दिवशीच्या कागदांवर पाठीचा हिरवा रंग किंचित गडद आला. पुस्तकात असा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या खेळाचा सारा प्राण पालथ्या पत्त्याच्या गुप्ततेत आहे, त्यात पाठीवरून पत्ता ओळखू येणे म्हणजे खेळ संपणेच. दोष केवळ छापखान्याचा म्हणता येणार नाही. मी संगणकाच्या पडद्यावर रंग पाहून संमती दिली होती, छापील नमुना मागितला नव्हता. दुसऱ्या कागदाची छपाई नव्याने करावी लागली. पहिला खेळ काढणाऱ्याने हे एवढे तरी माझ्याकडून फुकट घ्यावे : सर्व पाठी एकाच वेळी छापून घ्याव्यात आणि कागदावरील नमुना हाती आल्याखेरीज होकार देऊ नये.

कायद्याच्या नजरेतून

‘तुमची कल्पना कोणी चोरली तर?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोध मानीतच नाही. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा माझी चित्रे, माझी नियमपत्रिका यांची नक्कल कोणी करू शकत नाही. पण माझ्या डावाची रीत घेऊन कोणी टोमॅटोचा खेळ काढला तर मला त्याला चहा पाजण्यापलीकडे काही करता येणार नाही. मला हे योग्यच वाटते. मेंढीकोटावर कोणाची मालकी असती तर तो आपल्या आजीपर्यंत पोचला असता का?

मालकीच्या अतिरेकाचे उदाहरणही याच क्षेत्रात आहे. मॅगीबाईंनी १९३५ साली आपल्या खेळाचे हक्क पार्कर ब्रदर्सला ५०० डॉलरना विकले. त्यांच्या खेळातूनच उत्क्रांत झालेला ‘मोनॉपॉली’ मात्र चार्ल्स डॅरो यांच्या नावावर जगभर गेला. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अन्स्पॅक यांनी ‘अँटि-मोनॉपॉली’ हा खेळ स्वतः प्रकाशित केला. नावावरून कंपनीशी खटला जुंपला. १९७७ मध्ये त्यांच्या खेळाच्या हजारो प्रती न्यायालयाच्या आदेशानंतर जमिनीत गाडल्या गेल्या. अन्स्पॅक हटले नाहीत. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्या वादाच्या ओघात त्यांनी केलेल्या शोधामुळे मॅगीबाईंचे विस्मृतीत गेलेले कर्तृत्व जगापुढे आले. माझ्या पावणेदोनशे पेट्या निदान जमिनीवर आहेत, हा त्यातल्या त्यात दिलासा.

दुसरा प्रश्न पुस्तकविक्रेत्यांचा असतो : ‘‘यात पैसे लावतात का?’’ रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच दिला होता. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. पत्ते आणि पैज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कायद्याला कळते. समाजाला ते कळण्यास अजून अवधी लागेल असे दिसते.

मागणे काय आहे?

यावर कोणी म्हणेल की, ज्याला हौस त्याने तोटा सोसावा. समाजाने त्याची चिंता का करावी? हा आक्षेप रास्त आहे आणि माझा तोटा कोणी भरून द्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु हाच न्याय आपण ग्रंथाला लावीत नाही. कवितासंग्रह खपत नाही हे ठाऊक असूनही तो छापला जावा, वाचनालयात असावा, असे आपण मानतो. छापील ग्रंथावर वस्तू व सेवा कर नाही. पत्ते आणि पटावरील खेळ यांवर तो आहे, जरी २२ सप्टेंबर २०२५ पासून तो बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर उतरला असला तरी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधारे गावोगावची वाचनालये अनुदान घेऊन ग्रंथ विकत घेतात आणि त्यांतून लहान प्रकाशकाला पाच-पन्नास प्रतींचा तरी आधार मिळतो. खेळाला असा कोणताच आधार नाही. महाविद्यालयात वार्षिक कामाच्या नोंदीत हा खेळ कोणत्या रकान्यात लिहावा, हे आमच्या कार्यालयाला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. अखेर तो ‘इतर’ या रकान्यात गेला.

माझे मागणे लहान आहे. प्रत्येक ‘अ’ वर्ग वाचनालयाने आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या खरेदीतील अल्पसा भाग मराठीतून रचलेल्या खेळांसाठी राखावा, ते सभासदांना घरी न्यायला द्यावेत आणि शनिवारी दुपारी एक टेबल खेळणाऱ्यांना मोकळे ठेवावे. शंभर-दीडशे प्रतींची एवढी हमी मिळाली तर वर दिलेले गणित बदलते. मग भूजलाचा उपसा, ऊसतोडीची उचल, एसटीचे वेळापत्रक, सहकारी पतपेढीचे कर्जवाटप अशा आपल्याच जीवनातील गुंतागुंतीवर कोणी तरुण शिक्षक किंवा विद्यार्थी खेळ रचू धजेल. मोबाइलवर खेळणाऱ्या पिढीला पत्ते कोण देणार, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, मोबाइलमधील प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत पाहून त्याला वचन देता येत नाही आणि ते मोडल्यावर त्याच्याच शेजारी बसून चहाही पिता येत नाही. आमच्या खेळातील सारे शिक्षण त्या दोन क्षणांच्या मध्ये आहे.

गेल्या महिन्यात तो दोन एकरवाला विद्यार्थी घरी आला होता. आता त्याचे शिक्षण संपले आहे. तो शेती पाहतो. त्याने चादर बाजूला करून चार पेट्या काढल्या आणि त्यांचे पैसे टेबलावर ठेवले. मी नको म्हणालो, तर म्हणाला, ‘‘असू द्या सर. गावात सोसायटीच्या मंडळींना खेळायला बसवतो. लागणीच्या आधी.’’

या मंडळींनी डावात दिलेली वचने शेतात पाळली जातील, असा माझा दावा नाही. वचन मोडल्यावर काय होते, ते निदान त्यांनी लागवडीपूर्वी एकदा पाहिलेले असेल. एखाद्या ग्रंथाकडून आपण याहून अधिक काय अपेक्षितो?